ओटो ब्रंक यांच्या गाडीचं अजीर्ण

अंत्ययात्रेला कोण कुठल्या गाडीत बसणार हा विषय निघाला, तेव्हा ऑगस्टाबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. खरं तर बटाट्याला हात लावायचं काही कारण नव्हतं. नवरा आदल्या दिवशी सकाळी गेला होता आणि तेव्हापासून शेजारणींनी आणून ठेवलेल्या भाजलेल्या शेवयांनी, चीज घातलेल्या कोंबडीनं आणि थरथरणाऱ्या जेलीनं सगळे ओटे भरून गेले होते. पण बाईंना रिकाम्या हातांनी रडायची सवय नव्हती. त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं, "मी ओटोच्या गाडीतून जाणार. व्हर्नन चालवेल."

व्हर्नन टटल हा त्यांचा जावई. तो दारात कॉफीचा कप धरून उभा होता. दुःखात असलेल्या माणसाला नाही म्हणू नये, उद्यापर्यंत त्या विसरतील, असा शहाणा विचार करून तो "हो" म्हणाला. त्याची बायको आर्लीन त्याच्याकडे अशी बघत राहिली की जणू त्यानं वाघाच्या पिंजऱ्यात रात्रपाळी पत्करली आहे.

व्हर्नन विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचा. माणूस शिडी किती ऐटीत चढतो आणि कुठल्या अवस्थेत खाली येतो, हे आयुष्यभर वाचून वाचून त्याचा स्वभाव बनला होता. तो शिडी चढत नसे. अंगणात शेकोटी करत नसे. हार्लन मिल्स या गावात, किंबहुना त्या काळात सबंध ओहायो राज्यात, गाडीत सुरक्षेचा पट्टा लावणारी जी मोजकी माणसं होती त्यांतला तो एक. गावकरी त्याला हसत. त्यानं कधी मनावर घेतलं नाही. घेतलं होतं, पण दाखवलं नाही.

आणि ओटो ब्रंक यांची गाडी म्हणजे गाडी नव्हतीच. बियाणांचं दुकान चालवणाऱ्या या सज्जन गृहस्थानं आठवडाभर मका आणि गवताचं बी विकावं आणि दर रविवारी चर्च सुटलं की गावाबाहेरच्या शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर ही गडद लाल गाडी घेऊन जावी, आणि पाव मैल अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत कापावं. वजन कमी करायला त्यांनी गाडीतला रेडिओ काढला, हीटर काढला, सतरंजी काढली, मागची बैठक काढली आणि शेवटी ड्रायव्हरशेजारची सीटही काढून टाकली. जावयाला त्यांनी या गाडीला हात लावू दिला नव्हता. एकदा व्हर्नननं गप्पांच्या ओघात बॉनेटवर कोपर टेकलं, तर ते म्हणाले, "उचल." सासऱ्यांनी जावयाशी आपण होऊन सुरू केलेल्या मोजक्या संभाषणांपैकी ते एक.

दुसऱ्या दिवशी ऑगस्टाबाई विसरल्या नाहीत. उलट त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

व्हर्नन गॅरेजमध्ये गेला. त्यानं आधी आग विझवायचा डबा जवळ ठेवला, मग दार उघडं ठेवलं, मग बॉनेट उघडून आत काय आहे ते लांबून पाहिलं. इंजिनाच्या डोक्यावर मुकुट घालावा तसा भला थोरला कार्बुरेटर बसलेला होता. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला घास भरवणारं यंत्र, एवढं त्याला दाव्यांच्या कागदांवरून माहीत होतं. घासात हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं की इंजिनाला अजीर्ण होतं. मग ते काळा धूर ओकतं, आणि हळू चालवलं तर घुसमटून बंद पडतं.

पण त्या घटकेला इंजिनाला कसलंच अजीर्ण झालेलं नव्हतं. ते व्हर्नननंच केलं. थंड इंजिन लवकर सुरू व्हावं म्हणून त्यानं ॲक्सिलरेटर भक्तिभावानं सात-आठ वेळा दाबला आणि किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि मग कार्बुरेटरच्या तोंडातून असा बार निघाला की पलीकडच्या घराचा कुत्रा संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आला नाही. हातभर ज्वाळा वर आली आणि विझली. व्हर्नननं पुन्हा किल्ली फिरवली. मग गाडी सुरू झाली.

आता खरी गोष्ट ही की त्या बारानं कार्बुरेटरच्या पोटातला एक पातळ रबरी पडदा फाटला होता. इंजिनावर जोर पडेल तेव्हाच जादा पेट्रोल सोडायचं, एरवी दार बंद ठेवायचं, एवढंच त्या पडद्याचं काम. तो फाटल्यावर दार कायमचं उघडं पडलं. एवढं कोणी ओळखलं असतं तर सगळं अर्ध्या तासात मिटलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते कोणी ओळखलं नाही, कारण तोवर शेजारी आले होते.

हार्लन मिल्समध्ये कोणी गेलं की बायका भांडी घेऊन येतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, त्या भांडं देतात, गळ्यात पडतात, रडतात आणि मोकळ्या होतात. पुरुषांचं तसं नसतं. पुरुष अंगणाच्या कडेला हात खिशात घालून उभे राहतात, आणि त्यांना घशातला आवंढा कुठे ठेवावा हे कळत नाही. अशा वेळी कोणाचं बॉनेट उघडं दिसलं, तर त्या बिचाऱ्यांना देव पावल्यासारखं होतं. ओटोंसाठी ज्याला ज्याला वाईट वाटत होतं तो तो आपला पाना घेऊन त्या गॅरेजमध्ये आला.

पहिला आला फ्लॉइड रासमुसेन. अग्निशामक दलातून निवृत्त झालेला, ओटोंचा बालमित्र. त्यानं धुराकडे पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "पेट्रोल जास्त होतंय."

"मलाही तेच वाटलं," व्हर्नन म्हणाला.

"तुला काय वाटलं ते सोड. आतला तरंगणारा डबा वर बसलाय, त्यामुळे टाकी भरून वाहते. मी खाली आणतो." असं म्हणून त्यानं झाकण काढलं आणि आतल्या एका बोल्टवर बोट ठेवलं. "हा बोल्ट मी अन् ओटोनं मिळून बसवला होता," तो म्हणाला, आणि बाहीनं नाक पुसलं. आता अशा माणसाच्या हातातून पाना काढून घ्यायचा कसा? डबा खाली आला. धूर होता तेवढाच राहिला.

मग आला चेट नोवाक, न्हावी. ओटोंच्या डोक्याला कित्येक वर्षं त्याचाच हात लागलेला. त्यानं आल्या आल्या व्हर्ननच्या काजळी बसलेल्या भुवयांकडे धंदेवाईक नजरेनं पाहिलं आणि मग कार्बुरेटरकडे वळला. "डबा खाली कोणी आणला? फ्लॉइडनं? फ्लॉइडला आगीचं कळतं, पेट्रोलचं काय कळतंय. पेट्रोल येतं ती भोकं मोठी आहेत. बारीक भोकांची बोंडं बसवायला हवीत." बोंडं त्याच्या खिशातच होती. न्हाव्याच्या खिशात कार्बुरेटरची बोंडं का असावीत हा प्रश्न विमा कंपनीच्या माणसाला पडायला हवा होता. पण व्हर्ननच्या हे लक्षात येऊ लागलं होतं की या गावातले सगळे पुरुष दोन आयुष्यं जगत होते आणि ते त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. या शोधाचा त्याला बराच धक्का बसला.

बोंडं बदलली. धूर आता किंचित निळसर आला, मग पुन्हा काळा.

पास्टर होल्म आले ते प्रार्थनेसाठी. व्हर्ननच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझं मन कसं आहे, व्हर्नन?" आणि उत्तर यायच्या आत त्यांची नजर घसरली. "हे हवेचे स्क्रू आहेत ना? हे पूर्ण आत पिळून मग दीड वेढा बाहेर काढायचे असतात. दे इकडे." पांढरी कॉलर लावलेला मनुष्य कोपरापर्यंत काळा झालेला पाहून आर्लीन दारातूनच परत फिरली.

त्यानंतर फ्लॉइडनं येऊन पास्टरांचे स्क्रू पुन्हा फिरवले, चेटनं फ्लॉइडचा डबा पुन्हा वर केला आणि फ्लॉइड चेटशी बोलेनासा झाला. व्हर्नन कोणालाही नाही म्हणाला नाही. त्याला ते येत नव्हतंच. शिवाय एव्हाना त्याला समजलं होतं की बायका ज्यासाठी शेवयांचं भांडं देतात त्याच्यासाठीच हे लोक स्क्रू फिरवतात. सांत्वन परत कसं करणार? शेवया निदान शीतकपाटात ढकलता येतात.

या गडबडीत त्याला नगरपालिकेचं आठवलं. काही वर्षांपूर्वी ओटोंनी एका सकाळी ही गाडी मेन स्ट्रीटवरून काढली होती आणि तिच्या आवाजानं औषधांच्या दुकानाच्या काचेला तडा गेला होता. तेव्हा गावानं खास ठराव केला की ही गाडी, तिचा नंबर घालून, गावाच्या हद्दीत स्वतःच्या चाकांवर चालणार नाही. म्हणून ओटो ती दर रविवारी ट्रेलरवर चढवून नेत. चर्चपासून दफनभूमीपर्यंतचा रस्ता मेन स्ट्रीटवरूनच जात होता.

नगरपालिकेच्या खिडकीत मिस प्रॅट बसत. त्यांनी व्हर्ननचं सगळं ऐकून घेतलं, हळहळल्या आणि म्हणाल्या, "सूट मिळते. पण अर्ज गाडीच्या मालकानं करायचा असतो, मिस्टर टटल."

"मालक वारले. त्यांच्याच अंत्ययात्रेसाठी हवी आहे."

"माझं मन भरून येतं हो. पण मालकानं समक्ष यायला हवं."

"ते येतीलच. याच रस्त्यानं. मी तेच सांगतोय."

मिस प्रॅटनी चष्मा काढला. त्या आत गेल्या, कोणाशी तरी कुजबुजल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. अखेर त्यांनी असा तोडगा काढला की एकट्या गाडीला परवानगी देता येत नाही, पण अंत्ययात्रा ही सबंध एकच वस्तू मानली जाते, आणि अंत्ययात्रेतली गाडी ही गाडी नसून अंत्ययात्रेचा भाग असते. मात्र अंत्ययात्रेला नियम आहे. वेग ताशी पंधरा मैलांच्या वर जाता कामा नये.

व्हर्नन आनंदानं बाहेर पडला. पायऱ्या उतरताना तो मधल्याच पायरीवर थांबला, कारण तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ती गाडी जगात सगळं करू शकत होती, फक्त ताशी पंधरा मैलांनी चालू शकत नव्हती.

हे त्यानं त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीत तपासून पाहिलं. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गाडी गुरगुरत गेली, तिसऱ्यावर उचक्या देऊ लागली, आणि पुढे एका बागेच्या कुंपणाशी काळ्या धुराचा ढग सोडून निपचित पडली. स्पार्क प्लग काढून पाहिले तर सगळे काजळी माखलेले. त्यानं ते पुसले, घरापर्यंत गाडी ढकलत आणली, आणि खिडक्यांमधल्या सगळ्या पडद्यांआड माणसं आहेत हे माहीत असूनही कुठे बघितलं नाही.

"आपली स्टेशन वॅगन आहे ना," आर्लीन म्हणाली. "धुतलेली आहे, तिला सीट आहेत, ती सुरू होते. तू आईला सांग. तुला नसेल जमत तर मी सांगते."

"मी सांगतो," व्हर्नन म्हणाला, आणि सासूबाईंच्या खोलीत गेला.

ऑगस्टाबाई पलंगाच्या कडेवर काळा पोशाख मांडीवर घेऊन त्याला बटण लावत होत्या. त्यानं खूप सभ्य शब्दांत सुरुवात केली. गाडीची प्रकृती, रस्त्याचा चढ, लोकांची गैरसोय. बाईंनी सगळं ऐकलं. मग दोरा दातांनी तोडला.

"मी कधी बसले नाही त्या गाडीत," त्या म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"नवी आणली तेव्हा म्हणाला, जरा नीट करतो मग तुला नेतो. मग सीटच काढली त्यानं. म्हणाला, माणसाच्या वजनानं वेग कमी होतो. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं." त्यांनी पोशाखावरून हात फिरवला. "मला तो आवडायचा रे. त्या गाडीत बसलेला असताना तर फारच. मी खिडकीतून बघायचे. उद्या एवढं एकदाच, मग विका ती."

इतकी वर्षं व्हर्ननला वाटत होतं की या घरात त्या गाडीला हात लावायची बंदी एकट्या आपल्यालाच आहे. त्याला सासूबाईंचं फार वाईट वाटलं, आणि सासऱ्यांचा, ते गेलेले असूनही, मनापासून राग आला. तो परत गॅरेजमध्ये गेला आणि बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या गाडीतून चेटनं आणून दिलेली एक सीट त्यानं शेजारी बसवली. सीट गुलाबी होती. तिच्यावर त्यानं आपल्या कोटाचं अस्तर पसरलं आणि एक पट्टाही बसवला, कारण शेवटी तो व्हर्नन होता.

चर्चमधला भाग नीट पार पडला. बाहेर पुढे मोटरसायकलवर पोलीस, मग शवपेटीची लांब काळी गाडी, मग ओटोंची लाल गाडी, मागे सगळं गाव, भर दुपारी दिवे लावून. मिस्टर प्रूइट हे अंत्यविधी करणारे गृहस्थ. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणाचा आवाज चढलेला नव्हता. गुलाबी सीटकडे पाहून त्यांनी फक्त डोळे मिटले. मग शवपेटीच्या गाडीत चढण्याआधी ते व्हर्ननच्या खिडकीशी वाकले आणि मखमली स्वरात म्हणाले, "अगदी सावकाश, मिस्टर टटल. शोकाला घाई नसते."

पहिला चौक बरा गेला. दुसऱ्या चौकापाशी इंजिनानं पहिली उचकी दिली. व्हर्नननं क्लच दाबून ॲक्सिलरेटर दिला, गाडी गरजली, मागून काळा लोट निघाला आणि पुन्हा जरा चालती झाली. औषधांच्या दुकानाची काच थरथरली. दुकानदार दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला.

यात चमत्कारिक गोष्ट अशी झाली की पदपथावरच्या लोकांना ती मानवंदना वाटली. शर्यतीच्या माणसाला गाडीनं दिलेला निरोप. ती गरजली की टोप्या काढल्या जाऊ लागल्या. एका म्हाताऱ्या सैनिकानं तर सलाम ठोकला. व्हर्नन मानवंदना देत नव्हता, तो गाडी जिवंत ठेवत होता, आणि दर गर्जनेनंतर तिच्यात जीव कमी कमी होत होता. आरशात मागची अंत्ययात्रा दिसेनाशी झाली. धुरातून फक्त दिवे दिसत, आणि कोणाचा तरी खोकला ऐकू येई. पास्टर होल्म मागच्याच गाडीत होते आणि ते खिडकीतून हात काढून स्क्रू फिरवल्याच्या खुणा करत होते.

मिस्टर प्रूइट यांनी शवपेटीच्या गाडीतून डोकं बाहेर काढलं. "मिस्टर टटल," त्यांचा आवाज घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा चढला, "हे काय चाललंय?"

"पेट्रोल जास्त होतंय," व्हर्नन ओरडला.

गाव संपलं आणि दफनभूमीच्या टेकडीकडे जाणारा मोकळा रस्ता लागला. तिथे गाडी हुंदके देऊ लागली. स्टिअरिंग थरथरत होतं. ऑगस्टाबाईंच्या पांढऱ्या हातमोज्यांवर काजळीचे ठिपके पडले होते, पण त्या ताठ बसून समोर बघत होत्या. व्हर्ननला कळलं की आता आणखी शंभर पावलं, आणि मग ही बाई नवऱ्याच्या थडग्यापर्यंत चालत जाणार, किंवा न्हाव्याच्या गाडीत बसून.

"आई, मला माफ करा. बंद पडणार ही."

"का?"

"हळू चालतेय म्हणून. हळू चालली की गुदमरते."

"आणि जोरात चालली तर?"

"तर घसा मोकळा होईल कदाचित. पण पुढे..." त्यानं समोरच्या लांब काळ्या गाडीकडे बोट केलं. "पुढे बाबा आहेत."

ऑगस्टाबाईंनी टोपीची पिन काढून दातात धरली, टोपी काढून मांडीखाली घातली आणि पिन पर्समध्ये टाकली. "बाजूनं घे," त्या म्हणाल्या.

व्हर्नन टटलनं आयुष्यात ट्रॅक्टरलासुद्धा ओलांडलं नव्हतं. हे तो पुढे बऱ्याच जणांना सांगत असे, आणि कोणाचा विश्वास बसत नसे. त्यानं आरशात पाहिलं, इशाऱ्याचा दिवा लावला, आणि ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवला. क्षणभर काहीच झालं नाही. गाडीनं एक भला मोठा काळा ढेकर दिला. मग फाटक्या पडद्याला शेवटी त्याच्या लायकीचं काम मिळालं. एवढं पेट्रोल त्या इंजिनाला एवढ्या वेगातच हवं असतं. आठही सिलिंडर एका सुरात लागले आणि दोघंही सीटमध्ये मागे फेकले गेले.

ते शवपेटीच्या शेजारून गेले. मिस्टर प्रूइट खिडकीतून अवाक होऊन बघत होते. काचेतून फुलांनी झाकलेली पेटी सरकत मागे गेली, आणि ऑगस्टाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं, ओळखीच्या माणसाला रस्त्यात पाहावं तसं. मोटरसायकलवरचा पोलीस तर शिट्टी तोंडात धरून ती वाजवायला विसरला. काट्याकडे व्हर्नननं मुद्दाम बघितलं नाही. उद्या साक्ष द्यावी लागली तर खोटं बोलायला नको, असा त्याचा विचार होता. बाईंचे केस सुटून उडत होते. त्या काही तरी ओरडत होत्या. त्याला वाटलं थांबव म्हणताहेत. नीट ऐकलं तर त्या नुसत्याच ओरडत होत्या.

टेकडीवर, ताज्या खड्ड्यापासून थोड्या अंतरावर, त्यानं गाडी उभी केली. सगळीकडे एकदम शांत झालं. बाईंच्या तोंडावर काजळी होती आणि तिच्यातून डोळ्यांचं पाणी खाली आलेलं होतं. त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्याला कळलं नाही, त्यांनाही बहुधा कळलं नव्हतं.

"हे असं असतं होय," त्या म्हणाल्या. "तरीच तो दर रविवारी इतका खुशीत घरी यायचा." आणि जरा वेळानं, "किती चिक्कू माणूस. एकट्यानं ठेवलं हे."

पुष्कळ वेळानं अंत्ययात्रा पोचली. लोक एकेका गाडीतून उतरले, काळवंडलेले आणि खोकत. विधवा नवऱ्याच्या आधी पोचल्याचं हार्लन मिल्समध्ये कोणी पाहिलं नव्हतं. अशा वेळी काय बोलतात ते कोणाला ठाऊक नव्हतं. आर्लीन नवऱ्याकडे सरळ चालत आली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं. पेटी उतरवून खड्ड्याशेजारच्या फळ्यांवर ठेवली. मिस्टर प्रूइट यांनी स्वतःला सावरलं, लाल गाडीचं दार उघडलं आणि हात पुढे केला. "मिसेस ब्रंक. आपण सुरू करू या का?"

ऑगस्टाबाई उठल्या नाहीत.

"पास्टर," त्यांनी हाक मारली, "ओटोला घाई आहे का काही?"

पास्टर होल्म यांना सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, हा प्रश्न शिकवलेला नव्हता. "नाही," ते म्हणाले. "घाई आहे असं मला नाही म्हणता येणार."

"मग थांबेल तो. मी रविवारचं जेवण झाकून आयुष्यभर थांबलेय." त्यांनी पट्टा ओढून पुन्हा कमरेला लावला. "व्हर्नन, तो मोठा चढ आहे ना तलावाकडचा, तिकडून एक फेरी मार."

"व्हर्नन," आर्लीनला आवाज सापडला, "तू खाली उतर."

व्हर्नननं बायकोकडे पाहिलं. मग पोलिसाकडे, मग टोप्या हातात घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे. फ्लॉइड आणि चेट शेजारीशेजारी उभे होते आणि दोघंही रडत होते. सगळे दावे, सगळ्या शिड्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यानं हात लांब करून मिस्टर प्रूइट यांच्या हातातून दार हळूच काढून घेतलं, लावलं आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पोलिसानं मोटरसायकल फाटकातून बाजूला घेतली. लाल गाडी टेकडी उतरून तलावाच्या रस्त्याला लागली, तिचा आवाज लांब लांब जात राहिला, आणि वर फुलांच्या ढिगाखाली ओटो ब्रंक बायकोची वाट बघत राहिले.